इंग्रजी म्हणींचे नेमके अर्थ: शब्द कळूनही वाक्य कुठे फसवतं

पाटीपेन्सिल

इंग्रजी म्हणी आणि त्यांचे मराठी अर्थ अशा याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर, क्लासच्या नोट्समध्ये, स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये सगळीकडे आहेत. त्यांतले बरेच अर्थ अर्धवट असतात आणि काही तर सरळ उलटे. एमपीएससीच्या इंग्रजी घटकात वाक्प्रचारांचे अर्थ विचारतात, शाळेत निबंधात म्हणी पेरायला सांगतात, आणि एकदा चुकीचा पाठ केलेला अर्थ वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून हा धागा. नुसती यादी नको. म्हण कशी उलगडायची आणि घसरण नेमकी कुठे होते, ते लिहूया.

पहिली म्हण मुद्दाम अवघड घेतो. 'इट्स अ‍ॅन इल विंड दॅट ब्लोज नोबडी एनी गुड.' याद्यांत हिचा अर्थ सापडतो 'वाईट वारा कुणाचंच भलं करत नाही'. हा बरोबर उलटा अर्थ आहे.

उलगडताना शेवटचा तुकडा आधी घ्यावा. 'ब्लोज नोबडी एनी गुड' म्हणजे कुणाचंच काही भलं करत नाही. मग मागे या: असा वारा 'इल', म्हणजे महावाईट, असला पाहिजे. आता दोन्ही जोडा. ज्यात एकाचंही भलं होत नाही, असा वारा म्हणजे वाईटपणाची हद्दच. इतका वाईट वारा सहसा सुटत नाही, हे बोलणारा न बोलता सुचवतो. म्हणजे हाती आलेला अर्थ असा: कुठल्याही संकटात कुणाचा ना कुणाचा फायदा होतोच. शिडाची जहाजं डोळ्यांपुढे आणली की हे पटतं. उत्तरेला निघालेल्या जहाजाला आडवा येणारा वारा दक्षिणेला निघालेल्याच्या शिडात भरतो. जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणीसंग्रहात ही म्हण आहे, म्हणजे घडण पावणेपाचशे वर्षं जुनी.

मराठीत जवळचा शब्द 'इष्टापत्ती'. पण फरक ध्यानात ठेवा. इष्टापत्तीत ज्याच्यावर आपत्ती येते त्याचंच शेवटी बरं होतं. या म्हणीत नुकसान एकाचं आणि फायदा भलत्याचाच, असंही चालतं, किंबहुना बहुतेक वेळा तसंच असतं.

याच साच्यातल्या आणखी म्हणी:

'इट इज अ लाँग लेन दॅट हॅज नो टर्निंग.'
'इट इज अ गुड हॉर्स दॅट नेव्हर स्टंबल्स.'
शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधलं 'इट इज अ वाइज फादर दॅट नोज हिज ओन चाइल्ड.'

यांना एक कसोटी लावता येते. 'कितीही … असला तरी' अशी सुरुवात करा आणि 'दॅट'नंतरचं वाक्य उलटं करा. कितीही लांब गल्ली असली तरी वळण येतंच. कितीही चांगला घोडा असला तरी कधीतरी ठेचकाळतोच. कितीही शहाणा बाप असला तरी स्वतःचं पोर त्याला पुरतं कळत नाही. अर्थ जुळला, म्हणजे साचा हाच. आता 'इट इज अ पुअर वर्कमन हू ब्लेम्स हिज टूल्स' घ्या. 'कितीही वाईट कारागीर असला तरी अवजारांना दोष देत नाही'? जुळत नाही. म्हणजे ही म्हण सरळ वाचायची: अवजारांना दोष देणारा कारागीर वाईट. नाचता येईना अंगण वाकडं. बाहेरून रचना तंतोतंत सारखी, अर्थ लावायची दिशा मात्र वेगळी. ही कसोटी विद्यार्थ्यांना हमखास द्यावी.

उंबरठा

उत्तम सुरुवात. मी क्रियापद नसलेल्या म्हणींवर लिहितो.

'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड', 'नथिंग व्हेंचर्ड, नथिंग गेन्ड', 'वन्स बिटन, ट्वाइस शाय', 'लीस्ट सेड, सूनेस्ट मेंडेड'. या सगळ्यांत स्वल्पविरामाच्या जागी 'तर' ठेवायचा आणि सुरुवातीला 'जर'. डोळ्याआड झालं तर मनाआड होतं. धाडस केलं नाही तर हाती काही लागत नाही. एकदा चावा बसला तर पुढे दुप्पट बिचकणं. शेवटच्या म्हणीत 'मेंडेड' जुळवताना मुलं अडतात: भांडणात जितकं कमी बोलाल तितकं ते लवकर मिटेल.

'फर्स्ट कम, फर्स्ट सर्व्ह्ड'मध्ये तर चूक दुकानांच्या पाट्यांवरही दिसते. तिथे 'सर्व्ह' लिहितात. मग अर्थ होतो 'आधी या, आधी वाढा'. 'सर्व्ह्ड' हे कर्मणी रूप आहे: जो आधी येईल त्याला आधी दिलं जाईल. शेवटचा 'ड' गाळला की वाढणारा आणि जेवणारा यांची अदलाबदल होते.

दुसरा सापळा 'अँड'चा. 'स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड' वाचून मुलं दोन आज्ञा समजतात: छडी वाचव आणि मुलाला बिघडव. इथे पहिली आज्ञा ही अट आहे आणि 'अँड'नंतर तिचा परिणाम आहे. छडी आवरती घेतलीत की मूल बिघडलंच समजा. मराठीला ही रचना परकी नाही. 'पी हळद आणि हो गोरी' यात तेच आहे. तिथे कुणी दोन आज्ञा वाचत नाही. हळद प्यायल्याबरोबर गोरं होण्याची घाई असाच अर्थ घेतो. हे उदाहरण दिलं की वर्गात लगेच उजेड पडतो. ('स्पेअर'चा अर्थ इथे 'न वापरणं', 'वाचवणं' नव्हे.) मूळ विचार बायबलच्या नीतिसूत्रांतला, अध्याय १३, ओवी २४. आजची शब्दरचना सतराव्या शतकातल्या सॅम्युअल बटलरच्या 'ह्यूडिब्रास' या काव्यात आली. 'छडी लागे छमछम'शी जोडी बरोबर आहे, फक्त आज कुणाच्या पालकत्वावर बोलताना ही म्हण वापरली तर मारहाणीचं समर्थन म्हणून ऐकली जाते. अर्थ माहीत असावा, वापर जपून.

बाराखडी

उंबरठा यांच्या 'जर-तर'ला 'जो-तो' जोडते. जुन्या इंग्रजी म्हणींत संबंधी वाक्य आपल्या नामापासून तुटून लांब पडतं. 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'मध्ये 'दॅट एंड्स वेल' हे 'वेल'चं नव्हे, 'ऑल'चं विशेषण आहे. जे जे शेवटी नीट पार पडतं, ते सगळं चांगलंच. जो-तो घालून वाचलं की तुटलेले धागे आपोआप जुळतात. 'हँडसम इज अ‍ॅज हँडसम डझ' ही तर व्याकरणाने कोड्यात टाकणारी. पहिलं 'हँडसम' माणसाचं, दुसरं कृतीचं: जो वागायला देखणा, तोच देखणा.

'ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड'मध्ये नकाराची जागा फसवते. शब्दशः घेतलं तर 'चकाकणारं काहीच सोनं नसतं'. पण तसं असतं तर सोनं चकाकतच नाही असं म्हणावं लागेल. 'नॉट' मनातल्या मनात 'ऑल'च्या आधी न्यायचा. मराठी रूपांतर करणाऱ्यांनी 'चकाकते ते सर्व सोने नसते' असं अचूक केलं आहे.

आणखी तीन छोटे शब्द, पटापट:

'बर्ड्स ऑफ अ फेदर' मधला 'अ' म्हणजे 'एकच, सारखा'. एकाच पिसाचे पक्षी एकत्र थवा करतात. 'टू ऑफ अ काइंड' मध्ये तोच 'अ' आहे. 'फ्लॉक' इथे क्रियापद.

'बॉइज विल बी बॉइज', 'अ‍ॅक्सिडेंट्स विल हॅपन' मधला 'विल' भविष्यकाळाचा नाही. तो स्वभाव सांगतो: मुलं मुलांसारखीच वागायची, अपघात हे व्हायचेच. 'वागायची', 'व्हायचेच' हे मराठी रूप त्याला नेमकं बसतं.

'लेट स्लीपिंग डॉग्ज लाय' मधला 'लाय' म्हणजे पडून राहणं. खोटं बोलण्याशी संबंध नाही.

रानवाटा

'दि एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' ही म्हण आली पाहिजे. जुन्या इंग्रजीत 'प्रूव्ह' म्हणजे 'तपासणं'. म्हणजे अपवाद नियमाची परीक्षा घेतो. मराठीत मात्र 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असं तर्काला न पटणारं रूप रूढ झालंय.

दावा_प्रतिदावा

रानवाटा, हे स्पष्टीकरण फार पसरलंय, पण या म्हणीला ते लागू होत नाही. ही लॅटिन कायदेसूत्रातून आली आहे आणि पूर्ण सूत्र असं: 'एक्सेप्शिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्तिस'. अपवाद न केलेल्या बाबींत, अपवाद हा नियमाचा पुरावा ठरतो. शेवटचे चार शब्द गळाले म्हणून सगळा गोंधळ.

उदाहरण अगदी रोजचं. दुकानावर पाटी आहे: 'सोमवारी बंद'. इतर दिवसांबद्दल पाटी काहीच बोलत नाही. तरीही मंगळवारी दुकान उघडं असणार हे तुम्ही ओळखता. सोमवारचा अपवाद लिहिला यावरूनच 'एरवी उघडं' हा न लिहिलेला नियम सिद्ध होतो. रोमन वकील सिसरोने इ. स. पू. ५६ मध्ये, नागरिकत्वावरून खटला भरलेल्या बाल्बसचा बचाव करताना हाच युक्तिवाद केला. काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्यातल्या कुणाला रोमचं नागरिकत्व देऊ नये' असं कलम होतं. सिसरो म्हणाला, जिथे मनाई लिहिली तिथे ती आहे. जिथे लिहिली नाही तिथे नागरिकत्व देता येतं.

यातून वापराचा नियम निघतो. अपवाद कुणीतरी मुद्दाम नमूद केलेला असेल तरच ही म्हण चालते. 'सगळे राजहंस पांढरे असतात' असं कुणी म्हटलं, दुसऱ्याने काळा राजहंस दाखवला, आणि पहिला म्हणाला 'अपवादाने नियम सिद्ध होतो', तर ते चूक. तिथे नियम मोडला, सिद्ध झाला नाही. वादात हा डाव सर्रास खेळला जातो. तो ओळखता आला पाहिजे.

रानवाटा

हे पटलं. पण 'तपासणं' हा जुना अर्थ 'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन दि ईटिंग'मध्ये तरी खरा ना?

दावा_प्रतिदावा

तिथे शंभर टक्के. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'प्रूव्ह ऑल थिंग्ज. होल्ड फास्ट दॅट व्हिच इज गुड' आहे. सगळं पारखून घ्या, चांगलं ते धरून ठेवा. तोच 'प्रूफ' इथे. छापखान्यातलं 'प्रूफ' आठवा: छापण्याआधी तपासायला काढलेली प्रत. आणि पुडिंग म्हटल्यावर गोड, थरथरणारा पदार्थ डोळ्यांपुढे आणू नका. त्या काळचं पुडिंग म्हणजे आतड्यात मांस, चरबी, धान्य भरून उकडलेला प्रकार. आत काय भरलंय, ताजं आहे की नासलेलं, ते बाहेरून कळायला मार्ग नाही, खाल्ल्यावरच परीक्षा. अमेरिकेत 'द प्रूफ इज इन द पुडिंग' असं कापलेलं रूप चालतं. त्यात पुडिंगमध्ये पुरावा लपवलाय असं वाटतं आणि मूळ तर्क हरवतो. लेखनात पूर्ण रूपच वापरावं.

थेम्सकाठ

इंग्लंडच्या हवापाण्यातून आणि बाजारातून आलेल्या म्हणींवर लिहिते, कारण तिथे मराठी वाचकाचं चित्रच वेगळं बनतं.

'मेक हे व्हाइल द सन शाइन्स.' महाराष्ट्रात पाऊस संपल्यावर गवत कापतात, ऊन मुबलक असतं. त्यामुळे 'ऊन आहे तोवर' यातली निकड जाणवत नाही. इंग्लंडमध्ये गवत कापायचा हंगाम साधारण जून-जुलै, आणि तिथला उन्हाळा कधी ढगाळेल याचा भरवसा नाही. गवत कापायचं, पसरायचं, उलटंपालटं करायचं, आणि ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली आला की मगच गंजी रचायची. याला सलग तीन-चार कोरडे दिवस लागतात. ओलं गवत रचलं तर बुरशी धरतं, आतून तापतं, आणि काही वेळा गंजी आपोआप पेटते. म्हणून ऊन पडलं की बाकी सगळं सोडून शेतावर. या म्हणीला 'वाहत्या गंगेत हात धुवून घेणे' जोडतात ते मला मान्य नाही. त्यात संधीसाधूपणाचा वास आहे. गवत वाळवणारा शेतकरी संधीसाधू नाही. तो स्वतःचं कष्टाचं काम वेळेत उरकतोय.

'वन स्वॉलो डझ नॉट मेक अ समर.' 'स्वॉलो' म्हणजे गिळणं नव्हे, भिंगरी पक्षी. आफ्रिकेच्या दक्षिणेतून तो साधारण एप्रिलमध्ये ब्रिटनला परततो, म्हणून तिकडे तो उन्हाळ्याचा दूत. भारतात हाच पक्षी हिवाळी पाहुणा आहे, म्हणून आपल्याला संकेतच लागत नाही. अर्थ: एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात हे वाक्य आहे. तिथे ऋतू वसंत आहे, इंग्रजीने उन्हाळा केला.

'एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग.' जूनमध्ये ढगाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला ढग म्हणजे अरिष्ट का, हे समजावून सांगावं लागतं. म्हणूनच मराठी रूपांतरात 'काळ्या ढगाला' असं विशेषण घालावं लागलं. 'लायनिंग' म्हणजे कोटाचं अस्तर. मिल्टनच्या १६३४ च्या 'कोमस'मध्ये रात्रीचा काळा ढग आपलं रुपेरी अस्तर बाहेर वळवून दाखवतो, अशी कल्पना आहे. आपण 'रुपेरी किनार' म्हणतो, तीही सुंदरच, फक्त इंग्रजीतलं चित्र कडेचं नसून आतल्या बाजूचं आहे.

'डोन्ट स्पॉइल द शिप फॉर अ हेपथ ऑफ टार.' हिच्यात जहाज नाहीच. मूळ शब्द 'शीप', मेंढी. इंग्लंडच्या काही बोलींत त्याचा उच्चार 'शिप' होतो. मेंढीच्या जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून डांबर लावत. 'हेपथ' म्हणजे हाफपेनीवर्थ, अर्ध्या पेनीचं. अर्ध्या पेनीचं डांबर वाचवायला जाऊन अख्खी मेंढी गमावू नका. जहाजालाही डांबर लागतंच, त्यामुळे चुकीचं रूप अर्थाला बाधलं नाही आणि तेच टिकलं.

गोदातीर

पेनीचा विषय निघालाच आहे, तर हिशेब देतो. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत १२ पेन्स म्हणजे १ शिलिंग आणि २० शिलिंग म्हणजे १ पाउंड, अर्थात पाउंडात २४० पेन्स. 'पेनी वाइज अँड पाउंड फूलिश' मधलं अंतर आजच्या १०० पटीपेक्षा बरंच मोठं होतं. मराठी जोडी शोधायची तर 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ही अव्वल. छोटी गळती बुजवायची, मोठ्याकडे दुर्लक्ष. 'टेक केअर ऑफ द पेन्स'ला (पेन्स सांभाळा, पाउंड आपोआप सांभाळले जातील) मात्र आपलं 'पै पै जमवणं' शोभतं. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयात १९२ पै होत्या, म्हणजे तीही अशीच बारीक.

'गिव्ह हिम अ‍ॅन इंच अँड ही विल टेक अ‍ॅन एल.' एल हे कापड मोजायचं माप, इंग्लंडमध्ये ४५ इंच. आज लोक 'माइल' म्हणतात. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

'अ मिस इज अ‍ॅज गुड अ‍ॅज अ माइल' ही कापाकापीत अगम्य झालेली. जुनं रूप 'अ‍ॅन इंच इन अ मिस इज अ‍ॅज गुड अ‍ॅज अ‍ॅन एल'. नेम एका इंचाने चुकला काय आणि एलभर चुकला काय, चुकला तो चुकला. 'अ‍ॅज गुड अ‍ॅज' म्हणजे इथे 'च्या बरोबरीचं'; चांगुलपणाचा प्रश्न नाही.

पाटीपेन्सिल

आता जोड्यांकडे वळू. थेम्सकाठ यांनी गवताबद्दल म्हटलं ते आणखी बऱ्याच म्हणींना लागू आहे.

'डोन्ट पुट द कार्ट बिफोर द हॉर्स' आणि 'वरातीमागून घोडं' यांची जोडी लावतात, केवळ दोन्हीकडे घोडा आहे म्हणून. इंग्रजी म्हण क्रम चुकल्याबद्दल आहे: जे नंतर करायचं ते आधी केलं. वरातीमागून घोडं ही वेळ टळल्याबद्दल. तिची खरी जोडीदार 'लॉकिंग द स्टेबल डोअर आफ्टर द हॉर्स हॅज बोल्टेड'. ('बोल्टेड' म्हणजे घोडा उधळून पळाला, कडी लावली असं नव्हे. बाजूलाच दार आणि कुलूप असल्याने इथे हमखास चुकतं.)

'द ग्रास इज ऑलवेज ग्रीनर ऑन दि अदर साइड' आणि 'दुरून डोंगर साजरे'. फरक बारीक पण खरा. डोंगर दुरून बरे दिसतात कारण अंतरामुळे खाचखळगे दिसत नाहीत. जवळ गेलात की कळतं. गवताच्या म्हणीत कुंपणापलीकडचा शेजारी आहे, त्याच्या वाट्याशी आपल्या वाट्याची तुलना आहे, असमाधान आहे. डोंगराला जुळणारी इंग्रजी ओळ टॉमस कॅम्पबेलची, १७९९ ची: 'डिस्टन्स लेंड्स एन्चांटमेंट टु द व्ह्यू'.

'अ न्यू ब्रूम स्वीप्स क्लीन' आणि 'नव्याचे नऊ दिवस'. इंग्रजी म्हण नव्या साहेबाबद्दल बोलते: नवा आला की झाडून सगळं बदलतो. उत्साह ओसरेल असं ती म्हणत नाही. ओसरण्याचा भाग मराठीत आहे. मराठी म्हणीला जवळचा इंग्रजी प्रयोग 'नाइन डेज वंडर', आणि त्यातही दिवस नऊच!

निर्दोष जोड्याही आहेत, त्या बिनधास्त वापराव्यात. 'काउंटिंग चिकन्स'ला (अंडी उबण्याआधीच पिल्लं मोजणं) बाजारात तुरी, भट भटणीला मारी. 'बिटवीन टू स्टूल्स'ला (दोन स्टुलांच्या मध्ये पडणं) तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं. 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स'ला एक ना धड भाराभर चिंध्या. 'फॅमिलिअ‍ॅरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट'ला तर अतिपरिचयादवज्ञा शब्दाला शब्द बसतं.

कंदील

'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स'वरून विचारतो. तिची पूर्ण म्हण 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स, मास्टर ऑफ नन, दो ऑफनटाइम्स बेटर दॅन मास्टर ऑफ वन' अशी असून अर्थ उलटा आहे, असं सगळीकडे फिरतंय. 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर'चंही तसंच. हे खरं का?

बाराखडी

दोन्ही शेपट्या नंतर चिकटवलेल्या आहेत. 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' आधी, 'मास्टर ऑफ नन' त्यानंतर, आणि 'बेटर दॅन मास्टर ऑफ वन' अगदी अलीकडचं.

'ब्लड ऑफ द कव्हेनंट इज थिकर दॅन द वॉटर ऑफ द वूम्ब', म्हणजे शपथेचं नातं जन्माच्या नात्याहून घट्ट, हे मूळ रूप असल्याचा दावा विसाव्या शतकाच्या शेवटापासून फिरतो आहे. त्याला कुठल्याही जुन्या ग्रंथाचा आधार नाही. उलट वॉल्टर स्कॉटच्या १८१५ च्या 'गाय मॅनरिंग' कादंबरीत ही म्हण आजच्याच अर्थाने आहे: रक्ताची माणसं परक्यांहून जवळची.

'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट'ची 'सॅटिस्फॅक्शन ब्रॉट इट बॅक' ही शेपटीही विसाव्या शतकातली. तिचं खरं जुनं रूप अधिक रंजक आहे: 'केअर किल्ड द कॅट'. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या नाटकात आणि शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये मांजर चिंतेने मरतं. 'केअर' म्हणजे तेव्हा काळजी, झुरणं. कुतूहल नंतर आलं.

याच्या उलट काही म्हणी खरोखरच कापल्या गेल्या आहेत आणि तिथे मूळ पाहिलंच पाहिजे. 'मनी इज द रूट ऑफ ऑल ईव्हिल' नव्हे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ६:१० मध्ये, 'द लव्ह ऑफ मनी' आहे. दोष पैशाचा नाही, हव्यासाचा. 'इग्नरन्स इज ब्लिस' ही टॉमस ग्रेच्या कवितेतली ओळ, आणि तिची सुरुवात 'व्हेअर'ने होते: जिथे अज्ञानातच सुख आहे, तिथे शहाणपण हा मूर्खपणा. अज्ञान नेहमीच सुखाचं, असं ग्रे म्हणत नाही. शाळकरी मुलांना पुढच्या दुःखांची कल्पना नाही, तेवढ्यापुरतं बोलतो. आणि कवी अलेक्झांडर पोपच्या १७११ च्या ओळीत 'अ लिटल लर्निंग इज अ डेंजरस थिंग' आहे. 'अ' गाळू नका. 'अ लिटल' म्हणजे थोडंसं. नुसतं 'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच. धोका त्या थोडक्याचा आहे, अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याचा.

ओळखायचं कसं? 'मूळ पूर्ण म्हण' असा दावा दिसला की छापील ग्रंथ आणि साल विचारायचं. साल नसेल तर ती शेपटी परीक्षेतही लिहू नये.

थेम्सकाठ

वापराबद्दल थोडं. इंग्लंडमध्ये बोलताना पूर्ण म्हण क्वचितच म्हणतात. 'वेल, व्हेन इन रोम…', 'टू मेनी कुक्स…', 'इफ द कॅप फिट्स…' इतकंच बोलून थांबतात. उरलेलं ऐकणाऱ्याने पुरं करायचं. 'इट्स अ‍ॅन इल विंड' एवढंच ऐकलं आणि वरचा साचा माहीत नसेल, तर बोलणारा वाऱ्याला नावं ठेवतोय असं वाटेल. म्हणून पाठ करताना पहिले तीन-चार शब्द ऐकून अर्थ सुचतो का, याचाच सराव करा. अमेरिकेत 'कॅप'च्या जागी 'शू' म्हणतात.

'बेगर्स कान्ट बी चूजर्स' समोरच्याला उद्देशून म्हणू नका. मदत मागणाऱ्याला भिकारी म्हटल्यासारखं होतं. स्वतःबद्दल चालते. 'चॅरिटी बिगिन्स अ‍ॅट होम' देणगी नाकारताना ढालीसारखी पुढे करतात, पण म्हणीत 'बिगिन्स' आहे: सुरुवात घरापासून, शेवट नव्हे. 'चॅरिटी'चा जुना अर्थही दान एवढाच नसून प्रेम, आस्था असा व्यापक होता.

कंदील

आणखी दोन अडलेल्या. 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' चांगल्या अर्थाने घ्यायची की वाईट? आणि 'यू कान्ट हॅव युअर केक अँड ईट इट'. केक असेल तरच खाता येईल, मग अशक्य काय?

पाटीपेन्सिल

रोलिंग स्टोन: डच विद्वान इरॅस्मसच्या म्हणीसंग्रहात ही म्हण आहे आणि जुना अर्थ टीकेचाच. सतत गाव आणि धंदा बदलणाऱ्याच्या गाठीला काही साठत नाही. 'मॉस' म्हणजे शेवाळ, इथे ती पुंजी. पुढे, विशेषतः अमेरिकेत, शेवाळ म्हणजे गंज, साचलेपणा असं चित्र झालं आणि फिरत राहणं हा गुण ठरला. परीक्षेत जुना अर्थ लिहा. वाचताना मात्र लेखक शेवाळाला पुंजी म्हणतोय की गंज, ते मजकुरावरून ठरवा.

केक: दोष क्रमाचा आणि 'हॅव'चा. 'हॅव' म्हणजे इथे 'मिळणं' किंवा 'खाणं' नव्हे, 'शिल्लक बाळगणं'. केक खाऊनही तो ताटात राहावा, हे अशक्य. हेवूडच्या १५४६ च्या संग्रहात क्रम 'ईट युअर केक अँड हॅव युअर केक' असा सरळ आहे. आधी खा, मग शिल्लक ठेव, म्हणजे विसंगती लगेच दिसते. १५३८ मध्ये नॉर्फकच्या ड्यूकने टॉमस क्रॉमवेलला लिहिलेल्या पत्रात मात्र 'हॅव' आधी आहे, म्हणजे दोन्ही क्रम जुनेच. आज 'हॅव' आधीचा इतका रूढ आहे की उलटा क्रम लगेच डोळ्यांत भरतो. अमेरिकेत पार्सलबॉम्ब पाठवणाऱ्या टेड कझिन्स्कीच्या १९९५ मध्ये छापलेल्या जाहीरनाम्यात 'ईट युअर केक अँड हॅव इट टू' असा जुना क्रम होता. त्याच्या आधीच्या एका पत्रातही तोच क्रम सापडला, आणि दोन्ही लेखन एकाच माणसाचं असल्याचं दाखवणाऱ्या पुराव्यांत तो धरला गेला. वापरताना रूढ क्रम ठेवा. अर्थ लावताना तो उलटा करून वाचा.